स्लेड पावसाळ्यात अडकते, उन्हाळ्यात डुगडुगते: पट्टी घासण्याआधी हे तपासा

मृगाचा पाऊस होऊन पंधरा दिवस झाले की माझी क्रॉसकट स्लेड, म्हणजे करवतीच्या मशीनवर लाकूड आडवं कापायला सरकवायचा पाट, जड चालायला लागायची. आषाढ संपेपर्यंत तर ती खाचेत अशी बसायची की दोन्ही हातांनी रेटल्याशिवाय सरकत नसे. मग मी ती उलटी करायचो, खालची सागवानी पट्टी काचपेपरने घासायचो, वरून मेणबत्ती फिरवायचो आणि कामाला लागायचो. होळीनंतर तीच स्लेड खाचेत डावी-उजवी हलायची आणि देव्हाऱ्याच्या चौकटीचे कोपरे उघडे दिसायचे. मग नवी पट्टी. पुढच्या मृगाला पुन्हा तेच. असं चार वर्षं चाललं.

माझं वर्कशॉप नाशिकला मखमलाबाद रस्त्याला आहे. पत्र्याचं शेड, एक टेबल सॉ (टेबलातून गोल ब्लेड वर आलेलं करवतीचं मशीन), एक रंधा मशीन आणि दोन माणसं. मुख्य काम देव्हाऱ्यांचं. देव्हाऱ्यात कळसापासून चौरंगापर्यंत सगळं काटकोनावर उभं असतं. एक काप अर्धा मिलिमीटर तिरका गेला तर चार कोपरे जुळताना तो दोन मिलिमीटर होऊन समोर येतो, आणि गिऱ्हाईक रोज सकाळी हात जोडून त्याच कोपऱ्याकडे बघणार असतं. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

स्लेड म्हणजे काय हे ज्यांनी वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्लायचा एक तळ, त्याखाली मशीनच्या खाचेत चालणारी पट्टी, आणि वर लाकूड टेकवायला एक किंवा दोन फेन्स, म्हणजे उभ्या आधारपट्ट्या. आपण लाकूड हलवत नाही, सगळा तळच ब्लेडवरून पुढे नेतो. घरी बनवलेल्या जोडसाधनांमध्ये सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो, आणि हवामानाचा त्रासही हिलाच सगळ्यात जास्त होतो.

माझी चूक पंचवटीतल्या एका वयस्कर मिस्त्रीकाकांनी पकडली. ते एका दाराच्या कामासाठी फळ्या कापून न्यायला आले होते. मी पट्टी घासत बसलो होतो. त्यांनी विचारलं, "काय करतोस रे?" म्हटलं, "काका, पट्टी फुगलीय, उतरवतोय." ते म्हणाले, "श्रावणात घासलेलं चैत्रात परत मिळत नाही. दाराला आत्ता रंधा मारतोस का तू?"

नाही मारत. भद्रकाली, सराफ बाजार, गोदाकाठच्या वाड्यांमध्ये ज्यांचं लहानपण गेलं त्यांना हे ठाऊक असतं. श्रावणात दार फुगतं, खांदा लावून लोटावं लागतं, आणि दिवाळीनंतर ते आपोआप सुटतं. जाणता सुतार पावसात दाराला रंधा मारत नाही, कारण थंडीत त्याच फटीतून वारं येतं. दाराच्या बाबतीत मला हे कळत होतं. पट्टी एवढीशी, म्हणून तिला तोच नियम लागतो हे डोक्यात आलं नव्हतं.

पट्टी किती फुगते, याचा हिशोब

सागवान हे फार कमी हलणारं लाकूड आहे, तरी ते हलतं. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत सागवान वर्षवलयांना समांतर दिशेत सुमारे ५.८ टक्के आकसतं, आणि वलयांना काटकोनात, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, सुमारे २.५ टक्के. लांबीत जवळजवळ नाहीच. हा सगळा आकस लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांवरून शून्यावर येईपर्यंतचा.

पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल आणि ऑगस्ट यांच्यात लाकडाच्या ओलाव्यात ८ टक्क्यांचा फरक धरा. नाशिकचा कोरडा उन्हाळा आणि पावसाळ्यातली झड पाहता हे वाढवून धरलेलं नाही. खाच १९ मिलिमीटरची. पट्टी साध्या, आडव्या चिरलेल्या फळीतून काढली असेल तर तिची रुंदी सुमारे ०.३ मिलिमीटर बदलते. उभ्या रेषांच्या फळीतून, म्हणजे टोकाकडून पाहिल्यावर वलयं उभी दिसतील अशी काढली असेल तर साधारण ०.१३.

आता स्लेड नीट चालायला खाच आणि पट्टी यांच्यात किती जागा हवी? ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. त्याहून जास्त झाली की ती डुगडुगते. म्हणजे जी पट्टी ऋतूबरोबर ०.३ मिलिमीटर हलते ती बारा महिने बरोबर बसणं शक्यच नाही. तुम्ही कितीही हातखंडा सुतार असा, काचपेपर घेऊन हा हिशोब सुटत नाही. पावसात घासलं की उन्हाळ्यात ढिली पडणार, उन्हाळ्यात नेमकी बसवली की पावसात अडकणार. माझी अडचण दर वर्षी परत यायची ती माझ्याच उपायामुळे.

पॉलिश मारून पाहिलं. दोन हात मेलामाइनचे, टोकांना तीन. पॉलिश दमट हवेला आत शिरायला उशीर लावतं, पण थांबवत नाही. आठवडाभराच्या पावसापुढे टिकलं असतं. आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे.

अडकण्याचं कारण पट्टीच आहे ना, हे आधी बघा

हे मी उलट्या क्रमाने शिकलो, तुम्ही सरळ क्रमाने करा. मशीनचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, प्लगच काढा. मग स्लेड खाचेत टाकून हळूहळू पुढे-मागे सरकवा आणि ती कुठे धरते ते हाताने समजून घ्या.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच जड असेल, आणि दोन महिन्यांपूर्वी नव्हती, तर पट्टी फुगली आहे.

दर वेळी एकाच जागी धरत असेल तर दोष खाचेत आहे. आपल्याकडे पुष्कळ छोट्या वर्कशॉपमध्ये ओतीव टेबलाचं मशीन नसतं. जाड पत्र्याचं टेबल, खाली मोटर नि बेल्ट, आणि खाच म्हणजे पत्र्याच्या कापाखाली वेल्ड केलेल्या पट्ट्या. माझं पहिलं मशीन असंच होतं. व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप दाखवणाऱ्या कॅलिपरने, खाच पाच ठिकाणी मोजली तेव्हा चार जागी १९.१ आणि मध्ये एका जागी १८.९५ भरली. वेल्डिंगच्या ओढीने पट्टी तिथे आत आली होती. मार्करने तेवढा भाग रंगवला, बारीक कानस सपाट धरून चालवली, आणि रंग सगळीकडे सारखा जाईपर्यंत थोडं थोडं घेत गेलो. मी ज्याला पावसाचा दोष म्हणत होतो त्यातला बराच वाटा त्या एका वेल्डचा निघाला. खाचेच्या तळाशी साचलेला भुसाही बघा. दमट हवेत तो राळेसारखा घट्ट बसतो आणि पट्टीला वर उचलतो. जुना टूथब्रश पुरतो.

दोन पट्ट्यांपैकी एक काढल्यावर स्लेड मोकळी चालत असेल तर पट्ट्यांमधलं अंतर चुकलं आहे. याबद्दल खाली जास्त सांगतो, कारण माझ्या मते दोन घट्ट पट्ट्या लावणं हीच मुळातली चूक आहे.

आणि स्लेड टेबलावर ठेवून कोपरे दाबल्यावर एक पाय आखूड असलेल्या पाटासारखी हलत असेल तर तळाला बाक आलाय. हे बहुतेक वेळा सनमायका फक्त खालच्या बाजूला लावल्याने होतं. खालून सनमायका, वरून उघडा प्लाय. पावसात वरची बाजू ओलावा पिऊन ताणली जाते, खालची जात नाही, तळ वाकतो. सनमायका लावायचा तर दोन्ही बाजूंना, नाहीतर कुठेच नको. तळासाठी आयएस ७१० मार्क असलेला मरीन प्लाय घ्या, १२ मिलिमीटर चालतो, मोठ्या स्लेडला १८. चारही कडांना पॉलिश द्या, कारण प्लाय कडेतूनच जास्त पाणी पितो. एमडीएफचा तळ नवा असताना आरशासारखा सपाट असतो, म्हणून मोह होतो. आपल्या पावसात तो कडांना फुगतो आणि एकदा फुगला की परत बसत नाही.

रेटू नका

हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. दुसऱ्या वर्षीच्या जुलैमध्ये स्लेड अर्ध्या कापात अडकली. मी मशीन बंद न करता दोन्ही तळहात फेन्सवर ठेवून जोर लावला. ती एकदम सुटली आणि हाताच्या वेगाने पुढे गेली. ब्लेड मागच्या फेन्समधून माझ्या बाजूला बाहेर आलं. तिथे मी चार इंचांचा लाकडी ठोकळा फेन्सच्या पाठीला चिकटवलेला होता, ब्लेड त्या ठोकळ्यात शिरून राहिलं. ठोकळा नसता तर तिथे माझा उजवा अंगठा होता.

स्लेड वापरताना ब्लेडवरचं झाकण बहुधा काढलेलं असतं, म्हणून हा ठोकळा हीच शेवटची आड असते. तुमच्या स्लेडला तो नसेल तर आजच लावा, बाकीचं नंतर वाचा. आणि स्लेड मध्येच अडकली तर जागेवरच धरून मशीन बंद करायचं, ब्लेड थांबल्यावर बाहेर काढायची. अडकलेल्या स्लेडने एक काप तेवढा उरकून घेऊ, असं म्हणू नका.

कशाची पट्टी लावावी

लाकूड सोडायचं ठरवल्यावर मी आधी नायलॉनकडे गेलो. गुळगुळीत, स्वस्त, कापायला सोपं. मार्चमध्ये लावलं, लोण्यासारखं चाललं. ऑगस्टमध्ये अडकलं. मला खरंच वाटलं की आता डोकंच चालत नाही. मग कळलं की नायलॉन हे पाणी पिणारं प्लास्टिक आहे. हवेतला ओलावा शोषून ते मापात वाढतं. आपण लाकडाच्या भीतीने ज्याच्याकडे जातो तेही लाकडासारखंच वागतं, हे दुकानात कुणी सांगत नाही.

पाणी न पिणारं प्लास्टिक म्हणजे एचडीपीई. स्वयंपाकघरात भाजी चिरायचा जो पांढरा जाड पाट मिळतो तो बऱ्याचदा याचाच असतो, आणि त्यातून पट्टी टेबल सॉवर सहज निघते. खरेदी करताना लेबल मात्र वाचा. याचा त्रास दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे उष्णतेने ते थोडं वाढतं: १९ मिलिमीटर रुंदीला २५ अंशांच्या फरकाने सुमारे ०.०७. दुसरं जास्त महत्त्वाचं: शंकूसारख्या डोक्याचा स्क्रू घट्ट आवळला की प्लास्टिक त्या जागी बाजूंना फुगतं, आणि सहा स्क्रूंवर सहा गाठी तयार होतात. पट्टी सगळीकडे बरोबर असूनही सहा ठिकाणी धरते. त्यासाठी सपाट डोक्याचा स्क्रू घ्या, भोक मोकळं ठेवा, आणि फक्त टेकेल इतकाच आवळा.

मी शेवटी लोखंडावर थांबलो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करणाऱ्या एकाकडून ब्राइट बारची (गुळगुळीत लोखंडी सळईची) पट्टी मशीनवर मापात कोरून, म्हणजे मिलिंग करून घेतली. माझी खाच १९.१, म्हणून पट्टी १९.०२ सांगितली. जाडी खाचेच्या खोलीपेक्षा एक मिलिमीटर कमी, म्हणजे वजन पट्टीवर न येता तळावर येतं. त्यातच ५ मिलिमीटरचे आटे पाडून घेतले. ३० अंशांच्या फरकाने एवढी लोखंडी पट्टी रुंदीत ०.०१ मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. ॲल्युमिनियम साधारण दुप्पट वाढतं, तरीही नगण्यच, आणि ते गंजत नाही. सातपूर किंवा अंबडला तुमची ओळख असेल तर छोटं काम करून मिळतं, फक्त खाचेचं माप स्वतः घेऊन जा. "पाऊण इंची दे" असं सांगितलं की पाऊण इंचीच मिळते, तुमच्या खाचेत बसणारी मिळेलच असं नाही.

लोखंड पावसात गंजतं, हा त्याचा एकच दोष. आठवड्यातून एकदा मेणाचं पॉलिश पुसायचं, टेबलावरही. सिलिकॉनचा स्प्रे वापरू नका. तो हाताने, भुशाने लाकडावर जातो आणि नंतर तिथे पॉलिश धरत नाही, गोल गोल डोळे पडतात. एक अख्खा देव्हारा मी यापायी परत घासला आहे.

एकच पट्टी घट्ट ठेवा

माझ्या डुगडुगीवरचा खरा इलाज धातूपेक्षाही हा आहे. दोन खाचांमध्ये दोन घट्ट पट्ट्या लावल्या की त्या दोघींचं एकमेकींतलं अंतर, खाचांचं एकमेकींतलं अंतर आणि प्लायची हालचाल हे सगळं दशांश मिलिमीटरमध्ये जुळावं लागतं. जुळत नाही. मग आपण घासतो. दिशा द्यायला एक सरळ पट्टी पुरते. डावीकडच्या खाचेत लोखंडी पट्टी नेमकी बसवा. उजवीकडे स्लेड मोठी असेल तर खाचेपेक्षा एक मिलिमीटर अरुंद अशी कोणतीही पट्टी लावा, ती फक्त तोल सांभाळायला. माझ्या छोट्या स्लेडला उजवी पट्टीच नाही.

बसवायची रीत अशी: खाचेत दोन-तीन वॉशर टाका, म्हणजे पट्टी टेबलाच्या किंचित वर येईल. पट्टीवर दुहेरी चिकटपट्टी. तळाची कड मशीनच्या स्वतःच्या फेन्सला (टेबलावरच्या सरळ आधाराला) टेकवून प्लाय वरून दाबा, उचला, उलटा करा, आणि जागा न हलवता भोकं पाडून स्क्रू लावा. पट्टीच्या पाठीवर फेव्हिकॉल लावायच्या भानगडीत पडू नका, उद्या काढावी लागली तर तळही फाटेल.

मग काटकोन

पट्टी बसली, आता फेन्स. आधी ब्लेड खाचेला समांतर आहे का ते बघा: ब्लेडच्या एका दाताला खूण करा, तो दात पुढे आणून खाचेपासून मोजा, तोच दात फिरवून मागे नेऊन पुन्हा मोजा. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. नसेल तर आधी तेच दुरुस्त करा, नाहीतर पुढचं सगळं वाया.

गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून फेन्स बसवण्यावर माझा विश्वास नाही. बाजारातला गुण्या स्वतःच किती खरा, हा प्रश्न असतो. पाच कापांची पद्धत कुठल्याच गुण्यावर अवलंबून नाही. फेन्स आपल्या बाजूला, उजव्या टोकाला एक स्क्रू, डावं टोक क्लॅम्पने धरलेलं. साधारण ४०० मिलिमीटरचा चौकोनी प्लायचा तुकडा ब्लेडच्या डावीकडे ठेवा. उजवी कड कापा. तुकडा घड्याळाच्या दिशेने फिरवा, म्हणजे नुकतीच कापलेली कड फेन्सला येईल. असं चार वेळा. पाचव्या कापात २० मिलिमीटरभर रुंद पट्टी काढून घ्या आणि ती उचलण्याआधी तिच्यावर आपल्याकडचं टोक कोणतं ते लिहा. हे लिहायला मी दोनदा विसरलो आणि फेन्स उलट्या दिशेला सरकवली.

आता दोन्ही टोकं व्हर्नियरने मोजा. समजा आपल्याकडचं टोक २२.४६ आणि लांबचं २२.१४. फरक ०.३२. चार कापांत चूक चौपट झाली, म्हणून चारने भागा: ०.०८. ही चूक ४०० मिलिमीटरच्या लांबीत. फेन्सच्या स्क्रूपासून डाव्या टोकापर्यंत ५०० मिलिमीटर असतील तर तिथे ०.१० सरकवायचं. आपल्याकडचं टोक जाड असेल तर फेन्सचं डावं टोक आपल्यापासून दूर, लांबचं जाड असेल तर आपल्याकडे.

०.१० मिलिमीटर डोळ्याने सरकवता येत नाही. द्वारका चौकाच्या आसपास स्पेअर पार्टच्या दुकानांत टॅपेट सेट करायचं फीलर गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पानांचा संच, मिळतं. ज्या बाजूला फेन्स न्यायची त्या बाजूला एक ठोकळा ठेवा, ठोकळा आणि फेन्स यांच्यात ०.१० चं पान धरा, ठोकळा क्लॅम्प करा, पान काढा, फेन्स ठोकळ्याला टेकवा. नवा स्क्रू नव्या भोकात, जुन्याला लागून नाही, नाहीतर तो घसरून जुन्यातच जातो. पुन्हा पाच काप. माझं दुसऱ्या फेरीत ४०० मिलिमीटरला ०.०१ वर आलं, तिथे थांबलो.

फेन्स अखंड लाकडाची असेल तर ती पावसात धनुष्यासारखी वाकते आणि हा सगळा खटाटोप वर्षाच्या आत निकामी होतो. प्लायच्या दोन पट्ट्या सपाट जागेवर एकमेकींना चिकटवून फेन्स करा.

हाच रोग झिरो क्लिअरन्स प्लेटलाही होतो, म्हणजे ब्लेडभोवतीच्या त्या झाकणीला. एमडीएफची घरगुती प्लेट जुलैमध्ये तोंडात इतकी घट्ट बसते की ती काढायला ब्लेडजवळ पटाशी घालावी लागते. ती एचडीपीईची करा, किंवा प्लायची करून चारही बाजूंनी अर्धा मिलिमीटर मोकळी ठेवा आणि कडेला बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) लावून डुगडुग काढा.

तुमची स्लेड आत्ता, ऐन पावसात अडकलेली असेल आणि काम उद्या द्यायचं असेल तर उजवीकडची पट्टी काढून ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच ती चालते. डावी अजून जड वाटली तर तिच्या कडांना मेण लावा. तरीही धरत असेल तर नवी पट्टी काढा, आत्ताच्या मापाची, आणि जुनीवर पेन्सिलने "उन्हाळा" लिहून भिंतीला टांगा. मी लोखंड मिळेपर्यंत एक पूर्ण वर्ष असंच काढलं, दोन पट्ट्यांवर. जुनीला काचपेपर मात्र लावला नाही.